उजव्या हाताला गाव

त्यांच्या गावी पहिल्यांदा आलेल्या माणसाला काका गावात शिरू देत नसत. स्टेशन नदीच्या पलीकडच्या काठावर होते. तिथून जुना दगडी पूल ओलांडला की समोर वेस लागे. वेशीतून चौक दिसे, चौकाभोवती लाकडी चौकटींची, किंचित पुढे झुकलेली घरे आणि त्यांच्या वर, टेकडीवर, किल्ल्याचा उरलेला बुरूज. पाहुण्यांचे पाय आपोआप तिकडे वळत. पुलाच्या टोकाशी काका उभे असत. ते हात आडवा करत.

"आल्झो, ते सगळं नंतर. आधी वळसा."

'आल्झो' म्हणजे 'तर मग'. तरुणपणी मशीन टूल्सच्या एका कारखान्यात नोकरीला म्हणून ते जर्मनीत आले आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या मराठीत दोनच जर्मन शब्द कायमचे राहायला आले होते. वाक्याच्या सुरुवातीला आल्झो आणि समोरच्याचे म्हणणे पटले नाही की 'गेनाऊ'. या दुसऱ्या शब्दाचा खरा अर्थ 'अगदी बरोबर' असा आहे.

गाव लान नदीच्या एका वळणात बसलेले आहे. नदी तीन बाजूंनी त्याला वेढा घालते आणि चौथ्या बाजूला, दोन्ही टोके जवळ येतात तिथे, एक बुटकी खिंड आहे. नकाशावर ते घोड्याच्या नालेसारखे दिसते. काकांच्या मते असे गाव आत शिरून बघणे हा त्याचा अपमान होता. ते आधी तीनदा बाहेरून बघायचे. पहिल्यांदा पायी, तटाला लागून. दुसऱ्यांदा सायकलवर, तटाबाहेरच्या कुरणांतून. तिसऱ्यांदा होडीतून, नदीने. प्रत्येक वळसा आधीच्यापेक्षा मोठा. तिन्ही झाले की मग चौक, आइस्क्रीम आणि ज्याला हवा त्याला किल्ला.

हे सगळे ते कोणासाठी करत, तर आमच्यासारख्यांच्या आईवडिलांसाठी. फ्रँकफुर्टच्या बाहेर, एश्बॉर्नच्या ऑफिसांमध्ये काम करणाऱ्या मराठी घरांत उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून आईवडील येतात. व्हिसा तीन महिन्यांचा असतो. पहिल्या दोन आठवड्यांत ऱ्हाइन, एक किल्ला आणि एक धबधबा उरकतो. त्यानंतर मुलगा-सून ऑफिसात, नातवंडे शाळेत आणि म्हातारी माणसे तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत, समोरच्या बाल्कनीतल्या कुंड्या बघत. अशा घरांमधून काकांचा नंबर एकाकडून दुसऱ्याकडे गेला होता. "शनिवारी आईबाबांना काकांकडे सोडा" एवढाच निरोप असे. सोबत एक सूचना असे, की कॅसलचा विषय काढू नका.

माझ्या सासऱ्यांनी तो पुलावरच काढला. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि कार्यक्रम आधी कळलेला बरा, अशा मताचे होते.

"आणि कॅसल कधी?" त्यांनी विचारले.

"तिसऱ्या शनिवारी."

"पण तो तर हा काय, समोरच आहे."

"गेनाऊ," काका म्हणाले आणि तटाकडे चालू लागले.

पायी चालताना काकांची पँट मोज्यांत खोचलेली असे. सायकलीसाठी ती सवय त्यांनी लावून घेतली होती आणि पुढे सगळीकडेच ठेवली. लग्नाला, वाढदिवसाला, एकदा भारतीय दूतावासाच्या कार्यक्रमालाही ते तसेच आले होते. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात पाण्याची बाटली आणि म्यूस्लीच्या डब्यात भरलेला काकूंचा चिवडा. वाटेत ते इतिहास सांगत नसत. कोणत्या सरदाराने तट बांधला, हे विचारले तर म्हणत, "तो मेला. हे बघा." आणि एखाद्या भिंतीतला दगड दाखवत. गिरणीच्या कोपऱ्यावर जुन्या पुरांच्या खुणा कोरलेल्या होत्या, एकाखाली एक रेघा. तिथे प्रत्येकाने सगळ्यात वरच्या रेघेला हात लावायचा, असा नियम होता. सासूबाईंचा हात पोचेना. काकांनी त्यांना जवळच्या बाकावर चढायला लावले.

"आता कळलं पाणी किती?"

"कळलं, भावोजी. आता मला उतरवा."

वळशाचा सर्वांत मोठा नियम दिशेचा होता. गाव कायम उजव्या हाताला हवे. पायी, सायकलवर, पाण्यावर, काहीही असो, गाव उजवीकडे. आपण देवळाला घालतो तशीच ही प्रदक्षिणा, असे सगळे समजत आणि काहीजणांना त्याचे कौतुकही वाटे. काकांना ते आवडत नसे. ते घरी पूजा करत नव्हते आणि देवळाबाहेर चपला सांभाळत उभे राहत.

"देवाचा काय संबंध? आपण कुणाच्या घरी गेलो तर डावा हात पुढे करतो का? मग गावाला का करायचा?"



पायी आणि सायकलवर या नियमाचा त्रास नव्हता. सायकलच्या वळशासाठी त्यांच्याकडे दोघांची टँडम होती. पुढच्या सीटवर ते आणि मागच्या सीटवर पाहुणा. आयुष्यात सायकलला हात न लावलेल्या कितीतरी आज्या त्या मागच्या सीटवरून कुरणांतून फिरून आल्या. पदर कमरेला घट्ट खोचून घ्यावा लागे आणि पायडल आपोआप फिरत असल्यामुळे पायही आपोआप फिरत. निम्म्या वाटेत बहुतेकींना वाटू लागे की आपणच चालवतोय. काका तो समज मोडत नसत. सासूबाई आल्या त्या थेट सासऱ्यांसमोर उतरल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मला शिकवलीच नाहीत कधी."

"अगं, तू म्हणाली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

अडचण होती ती तिसऱ्या वळशाची. लानवर लोक होड्या घेतात त्याची एक ठरलेली पद्धत आहे. वरच्या गावी होडी भाड्याने घ्यायची, प्रवाहाबरोबर आरामात खाली यायचे, मध्ये कुठेतरी सॉसेज खायचे आणि संध्याकाळी रेल्वेने परत जायचे. तसे केले तर मात्र हे गाव सबंध वेळ डाव्या हाताला राहते. ते उजवीकडे हवे असेल तर खालच्या धक्क्यावरून निघून प्रवाहाविरुद्ध वल्हवत जावे लागते. काका तेच करत. वरच्या टोकाला पोचले की होडी पाण्याबाहेर काढून दोन चाकांच्या गाड्यावर बांधायची आणि खिंडीतल्या रस्त्याने ओढत पुन्हा धक्क्यावर आणायची, म्हणजे वळसा पूर्ण.

धक्क्यावर होड्या भाड्याने देणारा जर्मन माणूस हे बरीच वर्षे बघत होता. आधी त्याला वाटले की हा व्यायाम आहे. मग वाटले की धर्म आहे. त्याने एकदा विचारलेही. काकांनी त्याला डाव्या हाताचे कारण समजावून सांगितले. त्यानंतर त्याने काही वाटून घेणे सोडले आणि त्यांच्यासाठी एक रुंद, न डगमगणारी हिरवी होडी बाजूला काढून ठेवू लागला.

पाहुण्यांच्या हातात वल्हे दिले जाई, पण ओढण्याचे काम मागे बसलेले काकाच करत. पुढच्याचे वल्हे पाण्यात चुकीचे पडले की मागून सूचना येई. "आडवं नको, उभं. उभं. वहिनी, ताक घुसळताय का?" सूचना थांबत नसत. समोरून प्रवाहाबरोबर येणारे जर्मन तरुण यांच्याकडे बघून ओरडत की तुम्ही उलटे चाललात. काका हात वर करून "गेनाऊ" म्हणत.

वळणाच्या मध्यावर एक बांध होता आणि बांधाच्या कडेला होड्यांसाठीचे लॉक. दोन दारांमधली दगडी खोली. खालचे दार उघडून होडी आत घ्यायची, दार लावायचे, मग वरून पाणी सोडायचे. खोली भरते तशी होडी वर येते आणि वरचे दार उघडून पुढे जाते. लानवरच्या अशा लॉकवर माणूस नसतो. शिडी चढून, लोखंडी हँडल फिरवून सगळे आपले आपण करायचे. काका वर उभे राहून हँडल फिरवत होते. खाली, ओल्या भिंतींच्या मध्ये, सासू-सासरे होडीत बसले होते. मी होडीतच, त्यांच्या मागे, दोरी धरून होते. पाणी आत आले आणि सासूबाईंनी सासऱ्यांचा दंड धरला.

"अहो, आपण वर चाललोय!"

"चाललोच आहोत. तत्त्व सोपं आहे." सासरे इकडेतिकडे बघत होते. "आमच्या खात्यात हे असतं तर दोन चौकीदार आणि एक उपअभियंता लागला असता."

"आणि दार बंद असतं," काका वरून म्हणाले.

सासरे इतके हसले की होडी हलली. त्यानंतर त्यांनी कॅसलचे नाव घेतले नाही. वळसा संपल्यावर वेळ असूनही ते किल्ल्यावर गेलेच नाहीत. हँडलचे दाते बघायला पुन्हा लॉकवर गेले.

लॉकमधून खाली उतरणारे लोक भिंतीच्या सावलीत बुडत जातात, आपण मात्र उन्हात वर येतो, ही काकांची आवडती गोष्ट होती. "पाण्यानं माणसाला वर उचललं पाहिजे. खाली काय, सगळेच जातात," असे ते म्हणत.

त्यांच्या या उद्योगाला लोकांनी एक कहाणी जोडली होती. तरुणपणी काकांनी आईला जर्मनीला आणले, स्वतः दिवसभर कारखान्यात राहिले, ती बिचारी खिडकीत बसून कंटाळली, परत गेली आणि लवकरच वारली. म्हणून ते आता इतरांच्या आईवडिलांना फिरवतात. ही कहाणी मी एश्बॉर्नमध्ये तीन वेगवेगळ्या घरांत ऐकली. एकदा ती काकांनाच सांगितली. ते थांबले.

"माझी आई? ती इथे आलीच नाही. विमानात बसायला घाबरायची. नव्वदीत घरीच वारली, शेवटपर्यंत बाजारात स्वतः जायची."

"मग तुम्ही हे सगळं का करता?"

"एकट्यानं टँडम चालवायला कंटाळा येतो."

काकू वळशाला येत नसत. वळसा संपला की सगळी मंडळी त्यांच्या घरी थालीपीठ खायला जात. घर किल्ल्याखालच्या वरच्या आळीत होते. तिथे गाडी पोचत नाही. धक्क्यापासून थेट दारापर्यंत दगडी पायऱ्यांची एक अरुंद वाट वर चढते, जुनी, मधोमध झिजलेली, एका बाजूला लोखंडी दांडा. पाहुणे धापा टाकत येत आणि काकू दारात उभ्या राहून हसत.

"झाली का स्वारी? या. गाव जाग्यावर आहे ना?"

त्या मिरजेच्या. उंच, गोऱ्या, आवाज खणखणीत. काकांच्या वळशांवर त्या मोकळेपणाने बोलत. "मला काय गावाला ओवाळायचंय?" हे त्यांचे नेहमीचे वाक्य. काकांचेही त्यावर एक ठरलेले वाक्य होते, "तिला बाहेर आवडत नाही." दोघेही आपापले वाक्य इतक्या सवयीने म्हणत की कोणी त्याकडे लक्ष दिले नाही.

लक्ष सासूबाईंनी दिले. तिसऱ्या शनिवारी निघताना त्या उंबऱ्यापाशी थांबल्या.

"तुम्ही खाली शेवटच्या कधी उतरला होतात, हो?"

काकूंनी आधी आत बघितले. काका स्वयंपाकघरात डबा धूत होते.

"दिवाळीच्या आधी."

तेव्हा जुलै चालू होता.

"गुडघे?"

"दोन्ही. चढायला तेवढं नाही, उतरायला होत नाही." मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, सगळे फिरायला लागले तर कसं होणार? गाभाऱ्यात कुणीतरी बसायला हवं ना."

परतीच्या गाडीत सासूबाई म्हणाल्या, "जगाच्या आयांना फिरवतो हा माणूस."

काका-काकूंना एकच मुलगी. ती डार्मश्टाटला असते, संशोधनात आहे. तिला मराठी सगळे समजते. बोलते जर्मन. बाप मराठीत आणि ती जर्मनमध्ये असे त्यांचे तासन्‌तास भांडण चाले आणि ऐकणाऱ्याला दोन वेगवेगळे रेडिओ लागल्यासारखे वाटे. त्या वर्षी वसंतात काकांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी वल्हवणे बंद करायला सांगितले. काकांनी पाहुण्यांसाठीचे होडीचे वळसे कमी केले, बंद केले नाहीत. मुलीने डार्मश्टाटमध्ये आपल्या घराजवळच एक भाड्याचे घर बघितले आणि विषय काढला.

काकांचा पहिला आक्षेप भूगोलाचा होता. डार्मश्टाटला नदी नाही.

"एक ओढा आहे, पापा," ती जर्मनमध्ये म्हणाली.

"ओढा गावाखालून नळातून जातो. मला माहितीय. ज्या गावाला नदी नाही त्याला वळसा कुठून सुरू करायचा आणि संपवायचा कुठे?"

"ममाचा विचार कर."

"तिला बाहेर आवडत नाही. तिला इथे काय आणि तिथे काय."

काकू माझ्याबरोबर समोर बसून शेंगा सोलत होत्या. मुलीने त्यांच्याकडे बघितले, त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटले. हे मी बघितले, काकांनी नाही.

शेवटी काकांनीच तोड काढली. उन्हाळा संपताना ते एकटे होडी घेऊन निघतील, कोणाची मदत न घेता प्रवाहाविरुद्ध सबंध वळसा पूर्ण करतील. केला तर हे घर राहील आणि विषय पुन्हा निघणार नाही. नाही केला तर डार्मश्टाट.

"खिंडीतून गाडा ओढत आलो तर मी जिंकलो. पाण्यानं परत आलो तर तू."

"आबगेमाख्ट," मुलगी म्हणाली. म्हणजे ठरले. तिने हात पुढे केला. काकांनी तो मिळवला, डाव्या हाताने, कारण उजवा तेवढा उचलत नव्हता.

सप्टेंबरातला एक रविवार ठरला. मला काकूंनी बोलावून घेतले होते. "ये तू. इथे दोघी असलेल्या बऱ्या." का, ते फोनवर सांगितले नाही. मी पोचले तेव्हा काका पायऱ्या उतरून गेले होते. पँट मोज्यांत, खांद्यावर पिशवी. जाताना त्यांनी काकूंना सांगितले होते की जेवायला थोडा उशीर होईल.

काकू चांगले पातळ नेसून तयार होत्या.

"मला खाली न्या दोघी. इतकी वर्षं सगळं जग बघून गेलं. आज मी बघते."

मुलगी एकदम नाही म्हणाली. मग आईकडे बघून तिने जॅकेट घातले.

आम्हाला वाटले की काका एव्हाना वळणाआड गेले असतील. ते गेले नव्हते. धक्क्यावर बोटवाल्याने त्यांना थांबवून खांद्याबद्दल विचारले होते, आणि तो आता बरा आहे हे त्याला पटवून देण्यात बराच वेळ गेला होता.

एका बाजूने मुलगी आणि दुसऱ्या बाजूने मी असे आम्ही काकूंना धरले. त्या एका हाताने दांडा पकडत, एक पाय खाली ठेवत, मग दुसरा त्याच पायरीवर आणत आणि थांबत. चेहरा घामाने भरला. थोड्या पायऱ्यांनंतर त्या म्हणाल्या, "असं नाही व्हायचं. सोडा मला." आणि त्या पायरीवर बसल्या. मग बसल्या बसल्याच, दोन्ही हात मागे टेकवून, एकेक पायरी खाली सरकू लागल्या. चांगले पातळ दगडांवर घासत होते. मुलगी त्यांच्यापुढे उलटी उतरत होती, त्यांच्या गुडघ्यांसमोर हात धरून.

निम्म्यावर मुलीने मान वर केली आणि नदीकडे बघितले. हिरवी होडी बरोबर खाली, नदीच्या मधोमध होती. काका तिच्यात वळून बसले होते. गाव त्यांच्या उजव्या हाताला होते, आणि गावाच्या त्या बाजूला पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांवर आम्ही. वल्हे त्यांच्या मांडीवर आडवे होते.

"पापा!" मुलगी ओरडली. "वाइटर! वाइटर!" ती त्यांना पुढे जायला सांगत होती.

काकांनी वल्हे उचलले नाही. होडी हळूहळू मागे येऊ लागली.

"अगं, त्यांना सांग, मी ठीक आहे म्हणावं. जा म्हणावं," काकू म्हणाल्या. मुलगी पुन्हा ओरडली. तिचा आवाज फाटला. हरलेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. काका तिच्याकडे बघत नव्हते. ते काकूंकडे बघत होते, आणि काकू पुढच्या पायरीवर सरकल्या.

राहिलेल्या सगळ्या पायऱ्या त्यांनी तशाच उतरल्या. तेवढ्या वेळात नदीने होडी धक्क्यावर आणून सोडली. बोटवाल्याने दोरी पकडली आणि तो बाजूला झाला.

काकू उभ्या राहिल्या, पातळ झटकले.

"थांबलात कशाला?"

"तू अशी उतरतेस?"

"आज उतरले. एरवी उतरतच नाही."

"मला म्हणाली नाहीस."

"तुमचं लक्ष गावाकडे."

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. काका होडीतच बसून होते. मग त्यांनी मुलीकडे बघितले.

"त्या घराच्या दाराशी पायरी आहे?"

"काइने, पापा." एकही नाही.

"आतून?"

तिने मान हलवली. तळमजला, सगळे एका पातळीवर. मग ती म्हणाली की आजचे धरायचे नाही, पुढच्या रविवारी पुन्हा करू. हे ती मराठीत म्हणाली, अडखळत, क्रियापदे चुकवत.

"नको," काका म्हणाले. "पाण्यानं परत आलो." त्यांनी खांदा चोळला आणि काकूंना विचारले, "बसतेस?"

"आता? या गुडघ्यांनी?"

"गुडघे लागत नाहीत. बसायचंच असतं."

"मी वळसाबिळसा घालणार नाही."

"वळसा नाही. खाली जाऊ. पुढच्या स्टेशनापर्यंत. ही येईल गाडी घेऊन."

काकूंनी होडीकडे बघितले, पाण्याकडे बघितले, मग बोटवाल्याकडे. त्याने एका बाजूने आणि मुलीने दुसऱ्या बाजूने त्यांना उचलून पुढच्या फळीवर ठेवले. लाइफ जॅकेट पातळावर चढवताना त्या दोनदा "हळू" म्हणाल्या. बोटवाल्याने होडी सोडली. प्रवाहाने ती वळवून घेतली आणि गावापासून लांब, रेल्वे पुलाच्या दिशेने नेली.

आम्ही गाडीने पुढच्या स्टेशनाजवळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा ती दोघे आली नव्हती. मुलीने उभ्या उभ्या डार्मश्टाटच्या घरमालकाला फोन केला आणि हळू आवाजात हो सांगितले. फोन खिशात टाकून ती धक्क्याच्या टोकाशी गेली.

मग झाडांच्या पलीकडून हिरवी होडी आली. पुढे बसलेल्या काकूंच्या हातात वल्हे होते. त्या ते आडवे मारत होत्या, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, आणि पाणी उडून त्यांच्याच अंगावर येत होते. होडी वेडीवाकडी चालली होती. मागे बसलेले काका काही बोलत नव्हते.